वर्षाचे धान्य भरताना या चुका टाळा

फाल्गुन-चैत्रात नवा गहू बाजारात येतो आणि वर्षाचे धान्य भरण्याची लगबग घरोघरी सुरू होते. हंगामात पोत्याने घेतल्यास किलोमागे काही रुपये सुटतात, हे खरे. परंतु श्रावणात कोठी उघडल्यावर पोखरलेले दाणे हाती आले, तर ती बचत केराबरोबर बाहेर जाते.

पहिली चूक मोजमाप न करता खरेदी करण्याची. रोज अर्धा किलो कणीक लागणाऱ्या घराला महिन्याला १५ किलो, म्हणजे वर्षाला १८० किलो गहू पुरतो. मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला तरी अनेक घरांत जुन्या सवयीने तीन पोतीच येतात. दळणाला काढलेल्या गव्हाचे वजन दोन महिने तारखेसह लिहून ठेवले, तर नेमका आकडा हाती येतो.

अख्खा गहू आणि एरंडेल लावलेली तूरडाळ वर्षभर टिकते, म्हणून सगळेच भरून ठेवणे ही दुसरी चूक. रवा, बेसन, पोहे महिन्यापुरतेच घ्यावेत. बाजरीचे पीठ आठवड्याभरातच कडवट होऊ लागते, तर शेंगदाणे आणि सुके खोबरे उन्हाळ्यात खवट होते. त्यामुळे ते कितीही स्वस्त मिळाले तरी जास्त घेऊ नये.

सर्वांत अधिक नुकसान मात्र वाळवणे आणि भरणे यांच्यामधल्या घाईने होते. गहू गच्चीवर दोन-तीन कडक उन्हे खातो, संध्याकाळी आभाळ भरून येते आणि आपण तो गरम असतानाच कोठीत ओतून झाकण लावतो. एके वर्षी मी हेच केले. पंधरा दिवसांनी झाकण काढले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते, वरचे दाणे एकमेकांना चिकटले होते आणि कुबट वास येत होता. गरम दाण्यांतली वाफ गार पत्र्यावर जमते आणि त्या ओलाव्यावर बुरशी धरते, हे तेव्हा उमगले. म्हणून वाळलेला गहू घरात चादरीवर पसरून रात्रभर पूर्ण निवू द्यावा आणि सकाळी भरावा. दाणा दाताखाली धरल्यावर कट्‌ असा आवाज करून तुटला, तर तो वाळला. दबला, तर आणखी एक ऊन हवे. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नये, कारण त्याला तडे जाऊन कणी होते. तो सावलीतच पसरावा. डाळीला एरंडेल लावताना दाणे तुकतुकीत दिसतील इतकेच घ्यावे.

कीड लागू नये म्हणून घरातल्या धान्यात विषारी गोळ्या ठेवण्याची चूक तर कोणीही करू नये, हे मी कळकळीने सांगते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जातो. त्या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरण्याच्या आहेत. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. ती खाण्याची वस्तू नव्हे.

पावसाळ्यात मोठी कोठी रोज उघडल्याने दमट हवा आत जाते. म्हणून महिन्याचे धान्य एकदाच कोरड्या हाताने छोट्या डब्यात काढावे. पोती भिंतीला टेकवून फरशीवर ठेवण्याऐवजी फळीवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. तळाशी राहिलेली कीड आठवड्यांतच नव्यात पसरते.

एवढे करूनही टोके, म्हणजे धान्य पोखरणारे किडे, दिसलेच, तर आधी तो डबा बाकीच्यांपासून दूर न्यावा. गहू चाळून कडक उन्हात पातळ पसरावा, निवल्यावर पुन्हा चाळावा आणि वर्षाच्या हिशेबातून काढून तोच आधी दळायला द्यावा. थोडाच रवा किंवा थोडीच डाळ असेल, तर पिशवीत बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्याने किडे आणि त्यांची अंडी मरतात. रव्यात जाळी धरली असेल, तर तो चाळत बसू नये, टाकून द्यावा. शेंगदाण्यांवर हिरवट बुरशी दिसली किंवा त्यांना कुबट वास आला, तर निवडून चांगले दाणे ठेवण्याचा मोह धरू नये, कारण बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही. रिकामी झालेली कोठी धुऊन दोन उन्हे उघडी ठेवावी आणि सांध्यांमधले जुने पीठ ब्रशने काढल्याशिवाय तिच्यात पुन्हा काही भरू नये.