ढोलकची थाप आणि बॅटनचा इशारा

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात कंडक्टिंग, म्हणजे हाताच्या आणि बॅटनच्या (छोट्या काठीच्या) इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणे, शिकून आता तरुण वादकांकडून हिंदी चित्रपटगीते बसवून घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. स्कोअर (सर्व वाद्यांची एकत्र स्वरलिपी) वाचणे आणि सेक्शननिहाय तालीम घेणे तुम्हाला येतेच, म्हणून थेट माझ्या चुकीकडे वळते.

दादऱ्यातले, म्हणजे सहा मात्रांच्या तालातले, एक गाणे दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत हमखास पळू लागे. व्हायोलिन मागे पडतात असे वाटून मी इशारा किंचित आधी देत असे. ढोलक वाजवणारा मुलगा माझ्या हाताचा मान राखून तितकाच पुढे सरके आणि व्हायोलिन पुन्हा मागेच राहत. महिनाभर मी मुलांना अपुऱ्या सरावाबद्दल बोलत राहिले, याचे मला आजही वाईट वाटते. सिम्फनीतले वादक हात खाली आल्यावर क्षणभराने स्वर लावतात आणि सगळेच तेवढे थांबत असल्याने ते कोणाला जाणवत नाही. ढोलकची थाप मात्र नेमकी मात्रेवर पडते. हे अंतर हात लवकर हलवून कधीही भरून निघत नाही, उलट लय चढत जाते.

म्हणून लय ढोलककडे सोपवा. त्याला मागच्या कोपऱ्यातून उचलून व्हायोलिनांच्या शेजारी बसवा आणि आधी बॅटनशिवाय, केवळ ठेक्यावर तंतुवाद्ये वाजवून घ्या. दादऱ्याच्या सहा मात्रांना सहा इशारे दिले की गज प्रत्येक मात्रेवर जड होतो, दोनच पुरतात. इंटरल्यूडचा (कडव्यांमधल्या वाद्यसंगीताचा) प्रवेश, आवाजाचा चढउतार आणि शेवटचा थांबा एवढे तुमच्याकडे ठेवा.

इंटरनेटवरचे तयार नोटेशन कृपया आणू नका. त्यात सहसा मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) नसते, गजाच्या खुणा नसतात. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर मुंबईत चाल ऐकून वाद्यवृंदाचे भाग लिहीत. आपणही आधी गाणे ऐकावे, मग कागद हाती घ्यावा. माझ्या मते नामवंत कंडक्टरच्या कार्यशाळेपेक्षा व्हायोलिनांच्या दुसऱ्या गटात शेवटच्या रांगेत सहा महिने वाजवणे अधिक शिकवते, कारण इशारा आणि थाप यांतली फट तिथेच ऐकू येते.

पहिल्या काही तालमी विस्कटतील, घाबरू नका. आमच्याकडे 14 वर्षांची एक मुलगी प्रत्येक पिझिकाटोपूर्वी (गजाऐवजी बोटाने तार छेडण्यापूर्वी) कागदावरून नजर उचलून माझ्या हाताकडे पाहायची आणि तेवढ्यात उशीर व्हायचा. बॅटन स्टँडवर ठेवून मी तिला डोळे मिटून वाजवायला सांगितले, तेव्हा दुसऱ्याच आवर्तनात तिचे बोट थापेबरोबर तारेवर पडले.