सरकणाऱ्या पट्ट्यांचे कारण

पाण्याच्या टाकीत ताणलेल्या पातळ परावर्तक पडद्यावर हेलियम-निऑन लेसर टाकून ध्वनिलहरींचा दाब मोजताना, ध्वनिस्रोत बंद असूनही व्यतिकरण पट्ट्या (दोन प्रकाशकिरण एकत्र आल्याने दिसणाऱ्या उजळ-काळ्या रेषा) सरकत होत्या. आधी टेबलाच्या कंपनांवर संशय घेतला, आणि त्यात दोन दिवस गेले. खरा दोष माझाच होता: बुडबुडे टाळण्यासाठी उकळलेले पाणी मी पुरते निवण्याआधीच वापरले होते. लेसरकिरण १० सेंटिमीटर पाण्यातून जाऊन परतत असेल, तर ०.१ अंश सेल्सिअस बदलानेही पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश पाण्यात किती मंदावतो याचे माप) इतका बदलतो की सुमारे ३ पट्ट्या सरकतात. पाणी झाकून रात्रभर ठेवले, पडद्याच्या कडेला चिकटलेला एक हट्टी बुडबुडा मऊ कुंचल्याने हटवला आणि उरलेला संथ बदल हाय-पास फिल्टरने (फक्त जलद बदल पुढे जाऊ देणाऱ्या गाळणीने) वगळला. मग ध्वनिस्पंद स्वच्छ दिसले.