दिवाळीच्या किल्ल्यात रोर्क्स ड्रिफ्ट
आमच्या अनगोळात पोरं राजगड, पन्हाळा करतात. यंदा मी पुतण्याला रोर्क्स ड्रिफ्ट हे आफ्रिकेतलं ब्रिटिशांचं ठाणं करायला लावलं; झुलू या तिथल्या लोकांच्या फौजेनं त्यावर हल्ला केला होता. बुरूज नकोत. चपलांची दोन खोकी घ्या: पश्चिमेला गवती छपराचा दवाखाना, पूर्वेला कोठार. दवाखान्याच्या आतल्या भिंतींना भोकं पाडा; आजाऱ्यांना त्यातूनच ओढत नेलं होतं. तटबंदी मक्याच्या पोत्यांची. जुन्या धोतराच्या बोटभर पिशव्या शिवून वाळू भरा (माती भरलीत तर चिखल होतो, आमचा झाला). कोठाराच्या कोपऱ्यापासून उत्तरेच्या तटापर्यंत काडेपेट्या रचा, ती बिस्किटांची खोकी. ठाण्यात दीडशेभर शिपाई होते; 22 जानेवारी 1879 च्या लढाईत ते दवाखान्याकडचा तट सोडून या खोक्यांमागे सरकले. दक्षिणेला तांबड्या मातीचा डोंगर, वर हळीव पेरा. झुलू तीन-चार हजार होते, आमच्याकडे मावळे चाळीसच. त्यांनाच पुठ्ठ्याच्या लांब ढाली चिकटवल्या.