श्योंग शिली वाचायचाय? आधी लाटा बघून या

चिनी तत्त्वज्ञान म्हटलं की आपण कन्फ्यूशियसच्या पुढे जात नाही, पण विसाव्या शतकातला श्योंग शिली (१८८५-१९६८) आपल्याला जास्त जवळचा, कारण हा बाबा नानजिंगला जाऊन आपल्या असंग-वसुबंधू ह्या जुन्या बौद्ध आचार्यांचा विज्ञानवाद (जग म्हणजे जाणिवेचाच पसारा म्हणणारा विचार) शिकला आणि १९३२ला पुस्तक काढून त्याच विज्ञानवादाशी भांडला. मी मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर बसून तो थोडाफार समजून घेतला, तसंच सांगते.

आधी दोन शब्द पक्के करा, ती आणि युंग. ती म्हणजे मूळ तत्त्व, युंग म्हणजे त्याची हालचाल, त्याचं चालू असणं. श्योंग म्हणतो ही दोन नाहीतच. त्याचा लाडका दाखला समुद्राचा. वाळूत बसा, एकच लाट नजरेत धरा आणि बघा समुद्र तिच्या मागे कुठे वेगळा बसलाय का, नाही ना, पाणीच उठलंय. आता इथे आपण सगळे घसरतो, लगेच "अरे हे तर अद्वैत, जग मिथ्या" म्हणून मोकळे. तसं नाय ते. त्याच्याकडे लाट खोटी नाही, उसळत राहणं हेच समुद्राचं असणं. जुळवायचंच तर ज्ञानेश्वरांच्या चिद्विलासाशी (जग म्हणजे चैतन्याचाच खेळ, खोटा नव्हे) जुळवा, निदान मला तरी ते जवळचं वाटतं.

विज्ञानवाद्यांवर त्याचा राग पण ह्याच्यावरूनच. आलयविज्ञानात, म्हणजे मनाच्या तळच्या जाणिवेत, बीजांचं कोठार, त्यातून जग उगवणार, आणि वर तथता, म्हणजे अंतिम सत्य, वेगळीच, म्हणजे मुळं दोन झाली की!

मग शी आणि पी. शी म्हणजे मिटणं, आकसणं, त्यातून वस्तू घट्ट भासते. पी म्हणजे उघडणं, जे वस्तू होऊन थिजत नाही, मनाची बाजू ती. खडपावरची कालवं आठवा, ओहोटीला मिटलेली, भरतीला उघडलेली. पण दाखला इथपर्यंतच ताणायचा, कारण कालव आधी मिटतं मग उघडतं, श्योंगकडे दोन्ही एकाच क्षणात, आणि क्षण म्हणजे बौद्धांचा, उपजला तिथेच संपला. म्हणजे ते खडपसुद्धा दर क्षणाला नवं. कालवांनी पाय कापून घेतलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, मला लागला.

मूळ मन आणि सवयींनी बनलेलं मन हा फरक शेवटी घ्या, तो नुसता वाचून कळत नाही. मूळ मन म्हणजे माणसातली उपजत जाण. फंग यौलान हा त्याच काळातला चिनी तत्त्वज्ञ एकदा म्हणाला की माणसातली बऱ्यावाईटाची उपजत जाण हे गृहीतक आहे, तर श्योंग भडकला, गृहीतक कसलं, ती समोर हजर आहे! हे ऐकणारा त्याचा शिष्य मोऊ झोंगसान पुढे स्वतःच मोठा तत्त्वज्ञ झाला.

त्या १९३२च्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर जॉन मेकमने २०१५ला केलंय. जड आहे, त्यामुळे सुरुवातीपासून न वाचता बदलावरचं प्रकरण आधी काढा, शी-पी तिथेच भेटतील.