खिळा ठोकताना लाकूड चिरतं, खिळा वाकतो? या चुका टाळा

फळीच्या टोकाशी खिळा ठोकला की चीर पडते आणि दोष लाकडाला दिला जातो. खरं कारण बहुधा खिळ्याची जागा आणि त्याचं टोक. धारदार टोक पाचरीसारखं घुसून तंतूंना बाजूला रेटतं. फळीच्या मध्यावर तंतू ते सहन करतात, कडेला आधार नसल्यामुळे फाटतात. म्हणून खिळा आधी डोक्यावर उलटा उभा करा आणि टोकावर हातोडीचा हलका टोला देऊन ते बोथट करा. बोथट टोक तंतू रेटत नाही, तोडत पुढे जातं. पकड किंचित कमी होते, पण चिरलेल्या फळीत ती उरतच नाही. लाकूड कठीण असेल तर एवढ्यावर भागत नाही. 3 मिमी जाडीच्या खिळ्यासाठी आधी साधारण 2 मिमीचं भोक पाडा. आणि ओळीनं खिळे मारताना सगळे एकाच रेषेवर नकोत, थोडे मागेपुढे ठेवा.

लांबीचा अंदाजही हमखास चुकतो. पातळ तुकडा जाड तुकड्यावर ठोकायचा, उलट नाही. खिळा पातळ तुकड्याच्या जाडीच्या सुमारे तिप्पट हवा: 18 मिमीच्या फळीला 50 मिमीचा. दोन खिळे एकमेकांकडे थोडे तिरके मारले तर जोड सहज उपसत नाही.

खिळा वाकतो तो हातोडी तिरकी बसल्यामुळे. दांडा शेवटाजवळ धरा, पहिले दोन-तीन टोले हलके द्या, खिळा उभा राहिला की मगच जोर लावा. हातोडीच्या तोंडावर गोंद किंवा तेल असेल तर ती घसरते. पॉलिश पेपरनं पुसून घ्या. वाकलेला खिळा सरळ करून पुन्हा ठोकू नका, तो त्याच जागी वाकतो. काढताना हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवा: फळीवर वळ उठत नाही, जोरही कमी लागतो.

काँक्रीटमध्ये साधा खिळा जातच नाही. तिथला कडक पोलादी खिळा वाकण्याऐवजी तुटून उडतो, त्यामुळे डोळ्यांवर सुरक्षा चष्मा घालाच. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली मात्र कुठलाच खिळा मारू नका. वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं. जड वस्तू टांगायची असेल तर नुसत्या प्लास्टरमध्ये अडकलेल्या खिळ्यावर विसंबू नका, भोक पाडून त्यात प्लास्टिकचा प्लग (स्क्रू घट्ट धरणारी छोटी नळी) आणि स्क्रू बसवा.