घरात क्वारंटाइन आहात? रोज फोन करूनही लांब वाटतंय? मग या चुका टाळा

2020 च्या जुलैत पुण्यात दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला तेव्हा मी कोथरूडला मागच्या खोलीत क्वारंटाइन होते आणि आईबाबा कसब्यात. दिवसातून तीनदा फोन व्हायचा, तरी चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अगं तू बोलतच नाहीस हल्ली." फार लागलं ते मनाला.

चूक साधी होती. आई विचारायची ताप किती, ऑक्सिजन किती, मी विचारायचे बीपीची गोळी घेतली का, की संपला फोन. हे विचारायलाच हवं, पण आकडे सकाळ-संध्याकाळ मेसेजवर टाका आणि फोन गप्पांना मोकळा ठेवा. मी आईला म्हटलं तू तुझं काम कर, मी नुसती ऐकते, तर गवार मोडता मोडता ती मावशीच्या लग्नातलं सांगायला लागली ते पाऊण तास.

व्हिडिओ कॉलवर बाबांचा एकतर कान दिसायचा नाहीतर छताचा पंखा, कारण आवाज येत नाही म्हणून ते फोन कानाला लावायचे. अशा वेळी ओरडू नका हो, ते बिचारे अजूनच गोंधळतात. कॉलचा आवाज रिंगच्या आवाजापेक्षा वेगळा असतो म्हणून कॉल चालू असतानाच बाजूचं बटण दाबून वाढवायला सांगा. फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर चेहरा काळा दिसतो. आणि जुन्या घरांच्या जाड भिंतीत वायफाय अडकतं, फोनच्या वायफाय यादीत राउटरची दोन नावं दिसत असतील तर लांबच्या खोलीत नावात 5 जी लिहिलेलं (हे मोबाईलचं 5 जी नव्हे) सोडून दुसरं लावून बघा.

सगळ्या खानदानाचा एकच कॉल लावला म्हणजे झालं असंही नाही, झूमची फुकटची 40 मिनिटं मोठ्या आवाजाची माणसंच खातात आणि आजी नुसती बघत बसते. तिला वेगळा फोन कराच.

गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड हा संपर्क नव्हे.

आणि एकट्या राहणाऱ्यांना "कसा आहेस" विचारू नका, उत्तर "बरा आहे" हेच येणार. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून एमपीएससी करणाऱ्या माझ्या मावसभावाला मी विचारलं आज जेवलास काय, तर जरा थांबून म्हणाला, ताई, कालपासून बिस्किटंच आहेत, मेस बंद आहे. त्याच संध्याकाळी आईने शेजारच्या दूधवाल्या काकांबरोबर त्याच्या दाराशी डबा पोचवला, वरण-भात आणि तीच गवारीची भाजी.