पावसाळ्यात टू-फोटॉन छपाई: भाग काचेवरून सुटू नये म्हणून

टू-फोटॉन छपाईत लेसर द्रव रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारं रसायन) बिंदूबिंदूने घट्ट करून काचेवर सूक्ष्म भाग घडवतो. गोव्यात जून ते सप्टेंबर काचेवर दमटपणाचा अदृश्य थर बसतो आणि रेझिनची पकड सुटते. म्हणून काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन १२० अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवा, निवली की लगेच वापरा. रेझिनचा थेंब पिवळ्या उजेडातच टाका.

७८० नॅनोमीटरचा फेम्टोसेकंद (अतिशय छोट्या स्पंदांचा) लेसर फक्त केंद्रबिंदूपाशीच रेझिन घट्ट करतो. सुरुवात काचेच्या पृष्ठभागाच्या अर्धा मायक्रॉन आतून करा. वरून केली तर भाग धुताना वाहून जातो, आणि ही चूक सर्वांत जास्त होते. बुडबुडे दिसले तर लेसरची पॉवर थोडी थोडी उतरवा.

छपाई झाली की उरलेलं द्रव रेझिन धुवायला भाग पीजीएमईए या द्रावकात २० मिनिटं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं ठेवा. उंच, बारीक खांब सुकताना पृष्ठताणाने एकमेकांना चिकटतात. ते आधीच जाड आखा.